गुरुवारचं मौन

गुरुवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांत ते एकदाही मोडलेलं नाही.

इथं आखातात, देऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही अंधांसाठी स्क्रीनशिवाय चालणारं पॅड बनवतो. मी माझ्या पॅडवर बोट टेकवलं की पलीकडच्या खोलीतल्या पॅडवर तेवढाच दाब जाणवतो. टेस्टिंगला मूळचे वसईचे हर्बर्ट येतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. ते पलीकडच्या खोलीत बसतात, त्यांचं बोलणं मला स्पीकरवर ऐकू येतं आणि गुरुवारी मी बोटानंच उत्तर देते. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

"कुंदाताई, आज दोन हात का?"

मी दोन टिचक्या मारल्या. मौनाच्या दिवशी मला बोलतं करायची त्यांना भारी हौस, म्हणून चेष्टाच वाटली.

"नाही कसं? एक तुमचा. दुसरा गार आहे."

पॅडला गार-गरम कळवण्याची सोय आम्ही केलेलीच नाही. मी बोट उचललं, मग माझ्या पॅडची वायरही काढली.

"हां, आता एकच राहिला. गारवाला," हर्बर्ट हसले. "यल्ला, चला, पुढचं घ्या."

त्या खोलीला एकच दार आहे आणि मी बाहेरून दारालाच खुर्ची लावून बसले होते. आत कुणी गेलं नव्हतं.

"अरे, स्वतःच आलात? मग पॅड कशाला, हातात हात द्या की."

व्रत गेलं तर जाऊ दे, त्यांना सावध करायलाच हवं, म्हणून मी तोंड उघडलं.

माझा आवाज घशातून निघाला नाही. तो स्पीकरमधून आला, माझ्यासारखाच हळू. "हो, मीच."

"बघा," हर्बर्ट म्हणाले, "मोडलंत ना शेवटी मौन?"