कापलेल्या जाहिराती

"आता बघ. एक जरी जाहिरात सापडली, तर नाव बदलून टाकीन," टेलरमास्तर म्हणाले आणि त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर निळा दिवा लागला. सोफ्याच्या कोपऱ्यात पाय वर घेऊन, उशीला टेकून बसलेली बायको नुसती "हं" म्हणाली. इस्पितळातून घरी आल्यापासून तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. हं, नको आणि बघू. एरवी ही बाई भिंतीलाही बोलतं करील अशी. डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन छान झालं, जखम भरली, आता काळजीचं कारण नाही. मास्तरांना ते पटत होतं. पण ती समोर असूनही घर खायला उठत होतं, आणि ही आता अशीच राहते की काय, या भीतीने त्यांना धड जेवण जात नव्हतं.

औषध मात्र त्यांनी तयार ठेवलं होतं. ती इस्पितळात गेली त्या दिवसापासूनची तिची दुपारची मालिका रेकॉर्डरच्या हार्डडिस्कवर साठवलेली होती. टायमर लावला की यंत्र आपलं आपण रेकॉर्ड करायचं. पण तेवढ्यावर गप्प बसतील तर ते मास्तर कसले? उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला. इस्पितळातून घरी आले की ते यंत्रापुढे बैठक मारत. जाहिरात सुरू होते तिथे एक खूण, संपते तिथे दुसरी, आणि मधला तुकडा पुसून टाकायचा. गिऱ्हाइकाच्या कपड्यात ते शिलाईला माया सोडत असत, इथे सूतभरही सोडली नव्हती. नायिकेने ब्रेकआधी उचललेला पेला ती मधे न थांबता थेट तोंडाला लावत होती.

पहिला भाग झाला. सुनेने दार आपटलं, सासूने डोळे वटारले. लगेच दुसरा लागला. मास्तर टीव्हीकडे कमी आणि बायकोकडेच जास्त बघत होते.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं. ते मुकाट बसले. घराचा नियमच होता तसा. मालिका चालू असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही. घराला आग लागली तरी ब्रेकमध्ये सांगायचं, असं तिनेच एकदा लेकीला बजावलं होतं.

तिसरा भाग संपला, पाठोपाठ चौथाही. कुठे खंड नाही, कुठे अडथळा नाही.

"चहा टाकू?"

"नको."

मास्तरांचा चेहरा पडला. एवढा खटाटोप केला आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पुढच्या भागात भांडण ऐन रंगात आलं आणि पडद्यावर एकदम साबणाचा फेस उडायला लागला. मास्तर ताडकन पुढे सरकले. हा ऑपरेशनच्या दिवशीचा भाग. टायमरने आपलं काम केलं होतं, मास्तरांना मात्र त्या दिवशी कसलीच शुद्ध नव्हती. कापायचा राहूनच गेला होता.

"थांब, थांब, पुढे ढकलतो," ते रिमोट चाचपडत म्हणाले.

"राहू द्या हो." तिने पाय खाली सोडले. साबणाकडे बघतच ती म्हणाली, "त्या दिवशी मला आत नेलं ना, तेव्हा तुम्ही दारात उभे होतात. शर्टाचं बटण भलत्याच काजात होतं."

मास्तरांचा हात रिमोटवरच राहिला.

"टेलरमास्तर म्हणे! मला वाटलं, उठावं आणि नीट लावून द्यावं. मग वाटलं, आता यांना हे कोण सांगणार? मी काही परत येत नाही."

"अगं, साधं ऑपरेशन होतं..."

"सगळे तेच म्हणत होते. मी मात्र आतल्या आत सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला. लेकीचा घेतला, तुमचा घेतला." पडद्यावर टूथपेस्ट आली, मग पंखा आला. "आणि आता घरी येऊन बसलेय. निरोप घेऊन झाल्यावर परत आलेल्या माणसानं बोलायचं तरी काय, तेच मला..."

मालिकेचं संगीत वाजलं. ती होती तिथेच थांबली. नजर पडद्याकडे वळली आणि बोट आपसूक ओठांवर गेलं.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. लेकीचं लग्न याच सोफ्यावर ठरलं होतं, ब्रेकमध्ये. दुकान बंद करायचं ठरलं ते ब्रेकमध्ये. अबोले सुटले तेही ब्रेकमध्येच. आणि त्यांनी इतके दिवस निगुतीने बसून एकेक ब्रेक काढून टाकला होता. त्यांना स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

टीव्हीतली सून काहीतरी मोठं गुपित सांगायला तोंड उघडत होती. मास्तरांनी तिला सांगू दिलं नाही. त्यांनी मागे जायचं बटण दाबून धरलं. पंखा गेला, टूथपेस्ट गेली. पुन्हा फेस उडायला लागला.

"अहो, ही झाली की मघाशी!"

"असू दे," मास्तर म्हणाले. "आज मोठा ब्रेक आहे. तू बोल."