न सापडलेली लायब्ररी

डिचोलीच्या दूध संस्थेतला दूध मोजून घ्यायचा प्रोग्राम सेजलच्या भावाने, बाबाजीने लिहिला होता. बाबाजी वारल्याला वर्ष झालं होतं. आज नव्या सर्व्हरवर तो प्रोग्राम सुरूच होईना, आणि बाहेर दुधाचे कॅन उन्हात तापत होते.

"शेअर्ड लायब्ररी सापडत नाही," असं स्क्रीनवर आलं. प्रोग्राम ज्या सामाईक फायलींच्या आधाराने चालतो, त्यांतली एक नव्या सर्व्हरवर नव्हती. सेजलने ती जुन्या सर्व्हरवरून आणून बसवली. मग प्रोग्रामने दुसरी मागितली. तीही तिने दिली.

तिसऱ्या फायलीचं नाव होतं 'बाय'.

"असली लायब्ररी असते?" शेजारी बसलेल्या, संस्थेतल्याच संदीपने विचारलं.

"नसते. बाबाजी मला बाय म्हणायचा."

जुन्या सर्व्हरवरही ती फाईल नव्हती. सेजलने स्क्रीनच्या कडेवर हात ठेवला आणि लहानपणी बाबाजीच्या हाकेला द्यायची तशी हळूच ओ दिली, "आसंय रे. हंयच आसंय."

कोणी कळ दाबली नव्हती, तरी ती ओळ पुसली गेली. तिच्या जागी नवी आली: 'आई' सापडत नाही.

संदीप खुर्ची मागे सारून उठला. तेवढ्यात सेजलचा फोन वाजला. सर्वण गावातल्या घरून आई बोलत होती.

"बाय, मी परसात होतंय गो. हाक उशिरान आयकली. इलंय म्हणून सांग तेका."