कूलर थांबल्यावर

लाईट गेली, कूलर घरघरत थांबला आणि नंदिनीनं आधी झोळीकडे पाहिलं. सम्यक झोपलेलाच होता. सकाळपासून ती याच घटकेची वाट पाहत होती.

संघपाल कोपऱ्यात उकिडवा बसून नव्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या तारा जोडत होता. पाठ तिच्याकडे. तो काहीतरी बोलला.

"काय?"

तो वळला. "म्हटलं, बरोबर टायमावर गेली. हा बॅटरीवर चालते. भिंतीतल्या करंटची गुणगुण याच्यात शिरतच नाही."

"पाठ करून तोंडातल्या तोंडात बोलता. काय समजणार?"

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एक बारीक गुणगुण येते म्हणून नवऱ्यानं अख्खा हिवाळा तिचं डोकं खाल्लं होतं. नंदिनीला ती कधी ऐकू आली नव्हती. कानसेनाचे नखरे, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. तिच्या जिवाला वेगळाच घोर होता.

सम्यक आठ महिन्यांचा झाला होता आणि हाक मारली तरी वळत नव्हता.

नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत होळीपासून कूलर गरजत होता. त्या आवाजात कोण कोणाचं ऐकतं, असं ती स्वतःला समजावत आली. पण मन मानेना. लेकराच्या पाठीमागे बसून हाका मारून पाहिल्या. बर्डीच्या बाजारातून खुळखुळा आणला, तर तो बिनआवाजाचा निघाला. फुटपाथवरचा माल, दिला फेकून. काळजीनं तिचं कशातच लक्ष लागेना. भिवापूरहून सासूबाई फोन करायच्या, त्या काय विचारताहेत हेही धड कळायचं नाही. काल कुकरच्या शिट्ट्यांचं भान राहिलं नाही, वरण करपलं. शेवटी तिनं कानाच्या डॉक्टरची उद्याची वेळ घेऊन टाकली.

"आज कूलर नाही," ती म्हणाली. "आज खरं काय ते कळन. लावा मोठ्यानं."

"काही नाही झालं त्याले. तू इतक्या हळू हाका मारतेस, तो काय, मी बी नाही वळणार."

"चेष्टा नका करू."

"बरं वं बाई."

ढोलकीवरचं एक जुनं भीमगीत सुरू झालं. संघपाल दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे जाऊन उभा राहिला आणि लहान पोरासारखा खुलला. "कसं?"

"दबकं वाटते. गोधडीखालून आल्यासारखं."

"दबकं? अवं, ढोलकीवर बोट कुठं पडलं ते दिसून राहिलं मले!"

समोरच्या वंदनाताई खिडकीत आल्या, कपाळाला आठ्या घालून त्यांनी खिडकी लावून घेतली.

"त्यांनाबी दबकंच वाटलं असन," संघपाल हसला.

नंदिनी हसली नाही. ती झोळीत वाकून पाहत होती. सम्यकची पापणीसुद्धा हलली नव्हती.

"उठला नाही हो."

"कूलरच्या कुशीत वाढलेलं पोट्टं ते. दारात बँड आला तरी नाही उठणार."

"तुम्हाले सगळी गंमतच वाटते. त्याले ऐकूच येत नसन तर? बोलायले कसा शिकणार तो? आई म्हणून हाक कशी मारणार मले?"

संघपालनं गाणं बंद केलं. तिच्यासमोर येऊन बसला. आता तोही हसत नव्हता.

"त्याले आपल्या मनानं उठू दे. मग एकदम हळू लावून बघू. मोठ्या आवाजानं जमीनबी हालते, त्यात खरं कळत नाही. हळू आवाजाले वळला, तर उद्या डॉक्टरकडे नाही जायचं. कबूल?"

"कबूल."

दोघं बसून राहिले. खोली तापत चालली होती. तिचं लक्ष स्पीकरकडे गेलं तेवढ्यात संघपाल उठून झोळीकडे निघालाही होता. तिनं वळून पाहिलं, तेव्हा झोळी हलत होती. सम्यक जागा झाला होता.

तिनं त्याला मांडीवर घेतलं, मुद्दाम स्पीकरकडे पाठ करून. संघपालनं मोबाईलवर काहीतरी शोधलं, अ‍ॅम्प्लिफायरचं बटण अगदी जपून थोडंसं फिरवलं आणि खुर्चीत टेकून डोळे मिटले.

नंदिनीनं श्वास रोखून धरला. तिची नजर लेकराच्या चेहऱ्यावरून हलेना. सम्यक तिच्या बांगडीशी खेळत होता. घामाचा थेंब तिच्या हनुवटीवरून त्याच्या झबल्यावर पडला. घरात इतकी शांतता तिनं कित्येक महिन्यांत अनुभवली नव्हती.

आणि सम्यकचा हात बांगडीवर थबकला. त्यानं मान वळवली. डावीकडे, मग पूर्ण मागे, स्पीकरकडे. तोंड उघडं टाकून तो बघत राहिला. मग खुदकन हसला आणि बसल्या जागी डुलू लागला.

वळला! तिच्या मनात आलं. पण क्षणभरच. काही वाजतच नव्हतं, तर त्याच्या वळण्याला काय अर्थ!

संघपाल अजून डोळे मिटूनच होता. कशाची वाट बघत होता कोण जाणे. ती रडायच्या बेतात आली.

"लावा नं आता! काहून थांबले? खेळतो आहे तोवर तरी बघू द्या मले."

संघपालनं डोळे उघडले. आधी त्यानं डुलणाऱ्या लेकराकडे पाहिलं. हसू त्याच्या ओठांवर येऊ लागलं होतं, ते तिथंच थांबलं. मग तो तिच्याकडे पाहू लागला.

"नंदिनी," तो म्हणाला, "बासरी केव्हाची वाजून राहिली."