डावीकडे ओढणारी गाडी

"सरळ करू नकोस," तिचे बाबा म्हणाले. "सरळ केला की अडतो."

त्याने पटकन हात मागे घेतला. टीव्हीखालच्या फळीवर व्हिडिओ गेमचा जुना डबा पालथा घातलेला होता आणि त्याच्या पाठीवर इस्त्री ठेवली होती.

"इस्त्रीही राहू दे. वजन असल्याशिवाय आतली चकती फिरत नाही."

"बरं, काका."

तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करायचा. आज तिच्या घरी पहिल्यांदाच आला होता. कशासाठी, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं. दारातच तिने त्याला बजावलं होतं, "दर रविवारी आत्या बाबांशी शर्यत खेळायला येते. बाबा जिंकले की मी विषय काढते. जिंकल्यावर ते कशालाही हो म्हणतात. माझी स्कूटर अशीच आली."

"आणि हरले तर?"

"हरत नाहीत."

हरण्याचं कारणही नव्हतं. बाबा गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर पाय शिकवणाऱ्याच्या बाजूच्या दुसऱ्या ब्रेकवर असायचा, म्हणून शिकणारी मुलं त्यांना पाठीमागे ब्रेकसर म्हणायची. खेळताना ते सोफ्याच्या उजव्या हातावर असे रेलायचे, की तिथलं कापड विरून आतला स्पंज दिसू लागला होता.

फोन वाजला. बाबांनी कंट्रोलर त्याच्या हातात दिला. "आत्या येईपर्यंत गाडी गरम ठेव," असं म्हणून ते गॅलरीत गेले. तिथून त्यांचा आवाज येत राहिला. "क्लच हळू सोडायचा, बाई. हळू."

त्याने शर्यत सुरू केली. गाडी सुटली ती थेट डावीकडच्या भिंतीत. पुन्हा सुरू केली, पुन्हा डावीकडे. कंट्रोलरवरच्या गाडी वळवायच्या दांडीवरून अंगठा काढला तरी चाकं आपली डावीकडेच. पाहुण्याने गप्प बसून चहाची वाट पाहायला हवी होती. पण पेचकस खिशात होता, काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली बॅगेत होती, आणि होणाऱ्या सासरेबुवांची मर्जी संपादायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. त्याने कंट्रोलर उघडला. दांडीच्या मुळाशी धूळ आणि बिस्किटाचा चुरा यांचा गोळा घट्ट बसला होता. तो काढला, पुसलं, फुंकलं, स्क्रू आवळले. दांडी मधोमध उभी राहिली. बाबांचं फोनवरचं क्लचप्रकरण तोवर तिसऱ्या गिअरपर्यंत आलं होतं.

मग आत्या आल्या. चपला काढता काढताच त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हा का तो चष्मेवाला? दिसतो बरा. चल दादा, लवकर हरव, मला घरी कामं आहेत."

शर्यत सुटली. बाबा नेहमीसारखे उजवीकडे रेलले, दांडीही उजवीकडे दाबली आणि त्यांची गाडी उजवीकडच्या कठड्यावर जाऊन आदळली.

"अरे?" बाबा म्हणाले.

पुढच्या वळणावर ती गवतात गेली. त्याच्या पुढच्या वळणावर पाण्यात.

"दादा, मागे शिकाऊची पाटी लाव," असं म्हणत आत्यांनी शर्यत जिंकली. पडद्यावरचा निकाल त्यांनी दोनदा वाचला. असं कधी झालं नव्हतं.

बाबांनी इस्त्री उचलून परत ठेवली. डब्याला कान लावला. दुसरी शर्यत खेळले, तीही गवतातच संपली. स्वयंपाकघराच्या दारात ती चहाचा ट्रे धरून उभी होती. तिने त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. आज नको.

बाबांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. दोन्ही हात पुढे धरून बोटं उघडली, मिटली.

"हातच गेले वाटतं माझे," ते म्हणाले. "आणि उद्या सकाळी सातला नवीन बॅच आहे."

त्याला गप्प राहता आलं असतं. डबा जुना होता, सगळं त्याच्यावर ढकलता आलं असतं.

"हात नीट आहेत, काका," तो म्हणाला. "दांडी डावीकडे ओढत होती. तुम्ही फोनवर होता तेव्हा मी ती साफ केली."

बाबांनी अंगठ्याने दांडी हलवून पाहिली. सोडली. ती मध्ये येऊन थांबली.

"म्हणजे एवढी वर्षं गाडी डावीकडे जात होती?"

"हो. तुम्ही ती सरळ ठेवत होता."

"थांब," आत्या म्हणाल्या. "म्हणजे मी एवढी वर्षं बिघडलेल्या कंट्रोलरकडून हरत होते?"

ट्रेमधले कप किणकिणले. ती हसू दाबत होती.

बाबांनी दांडी पुन्हा एकदा हलवली. मग आवाज खाली आणून त्याला विचारलं, "परत बिघडवता येईल?"

त्याने कंट्रोलर हातात घेतला. काच तपासावी तसा उजेडात फिरवून पाहिला.

"येईल. पण एका दिवसात नाही. धूळ बसावी लागेल, दांडी झिजावी लागेल. बिस्किटं खात खेळावं लागेल."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"मी बिघडू देणार नाही," आत्या म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी स्वतःकडे ओढली.

बाबांनी ती बशी परत ओढून मध्ये ठेवली. मग सोफ्यावर थोडं सरकले आणि त्याच्यासाठी डावीकडची जागा हाताने झटकली.

"या बाजूला बस," ते म्हणाले. "उजवीकडे कोपर लागतं माझं."