चौथी खुर्ची

नर्सिंग कॉलेजचा पन्नास वर्षांचा इतिहास आज छापायला जायचा होता आणि प्राचार्याबाईंचा पाय काही एका जागी ठरत नव्हता. पहिल्या वर्षीच्या फोटोत मुली मागे उभ्या आणि पुढे खुर्च्यांवर शिक्षिका चार. दप्तरात नावं मात्र तीनच. छापखान्याचे दोन फोन येऊन गेले होते, "चौथीला कापून टाकू का?"

शेवटी फोटो घेऊन त्यांनी पहिल्या बॅचच्या, आता निवृत्त झालेल्या मेट्रनबाईंचं घर गाठलं.

"बाई, ही कोण हो?"

"वॉर्डात फरशी पुसायची ती. आमची मावशी."

"मग खुर्चीवर कशी?"

"बसत कुठे होती! आम्हीच ओढून बसवली. सरावाला पुतळा नव्हता गं तेव्हा. आम्हा बाराजणींची पहिली सुई तिच्याच दंडात गेली, मिठाच्या पाण्याची. हात आमचे लटपटायचे आणि ती उलट आम्हालाच म्हणायची, 'टोच गं माझे बाई, मला काही होत नाही.'"

प्राचार्याबाईंनी पर्समधली यादी काढली. तीन शिक्षिकांच्या खाली 'मावशी' असं लिहिलं. पुढे विषयाचा रकाना होता.

"इथे काय लिहू?"

"धीर," मेट्रनबाई म्हणाल्या.