सक्तीची चौकट

वर्गाच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं टाकलेला एक फॉर्म दिसत होता. मालकाचं नाव, गाव, जनावरं किती, आणि शेवटी सातबारा क्रमांक. त्या शेवटच्या चौकटीपुढे लाल चांदणी होती. चौकट रिकामी ठेवली तर फॉर्म पुढे सरकत नसे.

"जमीनच नसेल, तर त्या माणसानं इथे काय लिहायचं?" राधाकिशन सरांनी विचारलं.

बीडच्या त्या कॉलेजात ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना सॉफ्टवेअर कसं आखावं ते शिकवत. आज पहिल्या बाकावर त्यांनी पाहुणी बसवली होती. तुळजाबाई, नांदूरघाटजवळच्या वस्तीवरची. गुंठाभर जमीन नाही, जनावरं राखून आयुष्य काढलेलं. सहा वर्षांपूर्वीच्या दुष्काळात चारा छावणीवर काय झालं ते पोरांना सांगा, एवढंच सर तिला म्हणाले होते. उरलेलं सांगायला त्यांची जीभ रेटली नव्हती.

ती उभी राहिली.

"दोन गाया अन् एक कालवड घेऊन गेलते. तीन कोस चालवत. संस्थेची छावणी होती. नोंदीच्या टेबलावर माझ्या बहिणीचा ल्योक बसलेला, बिभीषण. म्हनलं, घरचंच मानूस हाय, आता घोर न्हाई. त्यानं बटनं दाबली, परत दाबली. म्हनला, मावशे, सातबारा नसल्यावर मशीन घेत न्हाई, माझ्या हातात काई न्हाई. मी म्हनलं, मशीनीच्या आडून बोलू नगंस. जमीनवाल्यांची जनावरं घेतूस अन् मावशीची न्हाई व्हय? तशीच माघारी फिरले. घाटात कालवड बसली ती उठलीच न्हाई. गायाबी पंधरा दिसांत गेल्या."

मग सत्यभामा नावाच्या मुलीनं विचारलं, "सर, 'जमीन नाही' असा एक पर्याय ठेवायला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

"मग ठेवला का नाही?"

"संस्थेचे चेअरमन म्हणाले, भूमिहीनांचं मागाहून बघू, आत्ता चौकट सक्तीची करा. फॉर्म बनवणाऱ्याला कळत होतं, कोण बाहेर राहील ते. त्यानं एकदा विचारून पाहिलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. पहिलंच मोठं काम होतं, हातचं जाईल असं वाटलं." सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. "तो फॉर्म मी बनवला होता."

ते तुळजाबाईकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. ती काय काय बोलेल, हे त्यांनी मनाशी अनेकदा घोकलं होतं. सगळं ऐकून घ्यायचं ठरवून आले होते.

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिला वाचता येत नव्हतं, तरी भिंतीवरच्या फॉर्मकडे एकटक बघत होती.

"मंजी त्याला काईच करता येत नव्हतं?"

"कुणाला?"

"बिभीषणला. दुसरं येखादं बटन?"

"नव्हतं. मी ठेवलंच नव्हतं."

"मंजी पोरगं खरं बोलत होतं."

"हो."

ती हळूच खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला.

"मी परत बोलले न्हाई त्याच्याशी. लग्नाला गेले न्हाई. मागल्या साली मोटारसायकलवरनं पडून मेला. बहिणीनं सांगावा धाडला, तवाबी गेले न्हाई. सांगावा घेऊन आलेल्याला म्हनलं, माझी कालवड मेली तवा कोन आलतं?"

इतकी वर्षं राधाकिशन सरांच्या मनात छावणीच्या दारातून परतलेली जनावरं होती. टेबलामागे बसून तीच तीच बटणं दाबणारा माणूस एकदाही आला नव्हता.

तास संपला. कुणी उठलं नाही. सत्यभामानं पाण्याची बाटली पुढे केली. तुळजाबाईनं दोन घोट घेतले, डोळे पुसले, पिशवी उचलली.

"तलवाड्याची गाडी कवा हाय?" तिनं विचारलं. "बहीण तितंच ऱ्हाती."

"अडीचला आहे. मी सोडतो तुम्हाला स्टँडवर."

"स्टँडवर सोडून भागायचं न्हाई, लेकरा," ती म्हणाली. "तिच्या दारापतूर चल. मी एकटी काय तोंडानं जाऊ?"