काचेबाहेरचा श्वास

सगळी ऑफिसं घराघरांत आली, ते दोन हजार वीस साल. आमच्या खिडकीखालच्या चौकात गाड्या तासन्‌तास धूर ओकत उभ्या असायच्या. तो चौक एकाएकी ओस पडला आणि ह्यांचा जुना दमा कुठल्या कुठे पळाला. लेक स्वयंपाकघरात मीटिंगा घ्यायची, हे तिन्ही जिने चढून दाखवायचे.

एका सकाळी काचेवर वाफेचा गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला. पुसायला गेले, तर वाफ बाहेरून!

"अहो, बाहेर कोणीतरी श्वास घेतंय."

"घेऊ दे की! हवा काय तुझ्या माहेरची आहे?"

लेकीने ह्यांच्या छातीकडे पाहिलं, मग काचेकडे. "आई, दोन्ही एकाच लयीत चाललंय गं."

वर्षभराने ऑफिसांनी सगळ्यांना परत बोलावलं. चौक तुंबला, ह्यांना धाप लागली आणि काचेवरचा गोलही धापा टाकू लागला.

लेकीने सरळ चौकातल्या आपल्या ऑफिसच्या साहेबांनाच चहाला बोलावलं. साहेबांनी ह्यांना पाहिलं, काच पाहिली आणि चहा अर्धा टाकून ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं अख्खं ऑफिस घरी. हळूहळू चौकातल्या बाकीच्या ऑफिसांनीही तोच कित्ता गिरवला.

साहेब आता बागेत बसून काम करतात. लेक लग्न होऊन समोरच्याच इमारतीत राहते. हे गेल्या वर्षी शांत झोपेत गेले.

काचेवर गोल अजून रोज उमटतो, अगदी ह्यांच्या संथ लयीत. फक्त आता तो आतल्या बाजूने उमटतो.